पोच द्यावी

१

मिरचीच्या दिवसांत नंदुरबारला उतरलेला परका माणूस आधी शिंकतो आणि मग पत्ता विचारतो. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते आणि दारं-खिडक्या लावून घेतल्या तरी तिचा ठसका घरात येतोच. इंदरमलशेठच्या पेढीचं ऑफिस तर पथारीला लागूनच होतं. तिथे कुणी शिंकलं की बाकीचे हसत, हा नवा दिसतो म्हणून.

कामिनीला आता शिंक येत नसे. ती पेढीचे मेल पाहायची. कुठली गाडी निघाली, कुठली पोचली, एवढंच लिहायचं असायचं, पण ते हेमकांतच्या नावाने लिहायचं.

हेमकांत पेढीचा डिस्पॅचवाला. अर्धं आयुष्य त्याने गाड्या रवाना करण्यात घालवलं. लग्न केलं नाही, घरी कुणी नाही, तोंडाला कायम पांढरा रुमाल बांधलेला आणि त्या रुमालामागे खोकला. गेल्या दिवाळीनंतर छातीनेच गेला. माणूस गेला, पण त्याचा मेल आयडी गेला नाही. कामिनीने विचारलं होतं, आता नवा आयडी उघडू का म्हणून. तेव्हा म्हातारे इंदरमलशेठ गादीवरून म्हणाले होते, "नाव नको बदलू बेटा. बजारमा लोके माणूस नही वळखतस, नाव वळखतस. हेमकांतनं नाव चालू ऱ्हाऊ दे."

पेढीची रीतच तशी होती. बाहेरच्या पाटीवर शेठजींच्या आजोबांचं नाव अजून होतं आणि त्या नावाने अजून पत्रं यायची. तेव्हा कामिनी रोज सकाळी हेमकांत व्हायची आणि संध्याकाळी पुन्हा कामिनी होऊन घरी जायची. सुरुवातीला अंगावर काटा यायचा, मग तोही यायचा बंद झाला.

२

शेठजींचा नातू रिषभ पुण्याहून वकिलीचा अभ्यास करून आला आणि त्याने पेढीला शिस्त लावायचं मनावर घेतलं. एकदा मिरचीच्या भावाचा मेल चुकून दुसऱ्याच व्यापाऱ्याकडे गेला होता. तेव्हापासून प्रत्येक मेलच्या तळाला आपोआप एक सूचना चिकटायची:

'हा संदेश ज्यांच्या नावे आहे फक्त त्यांच्यासाठी आहे. चुकून आपल्याकडे आला असल्यास वाचू नये, ठेवू नये, कोणास दाखवू नये, पुसून टाकावा. यातील मजकुराच्या परिणामांस पेढी जबाबदार राहणार नाही.'

वर 'गाडी निघाली' एवढे दोनच शब्द आणि खाली हे सगळं पुराण. कामिनी म्हणायची, "रिषभभाऊ, वाचू नये हे कळायला आधी वाचावंच लागतं ना?" रिषभला विनोद आवडत नसे. त्याने भिंतीवर आणखी एक कागद लावला: पेढीचा मेल पेढीच्याच कामासाठी. खाजगी वापर करणाऱ्यास कामावरून कमी केलं जाईल.

तो कागद कामिनीने दोनदा वाचला, कारण तिने तोच गुन्हा आधीच केला होता.

तिची मुलगी भूमिका नऊ वर्षांची. मिरचीचा हंगाम आला की त्या पोरीचा दमा असा उसळायचा की रात्र रात्र तिला मांडीवर उभी धरून बसावं लागे. नवरा भूपेंद्र सुरतेला दुसरं घर करून बसला होता. त्याच्याकडून ना पैसा, ना निरोप. डॉक्टर म्हणाले, पोरीला या हवेत ठेवू नका. म्हणून काळजावर दगड ठेवून कामिनीने तिला वर मोलगीकडच्या डोंगरात, एका निवासी शाळेत घातलं. तिथे फोनला रेंज नव्हती. कॉम्प्युटरच्या खोलीत तेवढं नेट होतं, म्हणून शाळेचा सगळा कारभार मेलवर चाले. मुलीला भेटायला कोण येणार, घरी कोण नेणार, हे प्रवेशाच्या वेळी दिलेल्या मेलवरून कळवलं तरच शाळा मानणार, असा नियम होता. कामिनीकडे रोज उघडणारा मेल एकच होता. तिने हेमकांतचा पत्ता देऊन टाकला.

निरोप घेताना भूमिकाने तिचा पदर धरून ठेवला होता. "आई, तू कवय येशी?"

"येसू ना बेटा. रविवारले येसू."

तिने पदर हळूच सोडवून घेतला होता. त्या बोटांची पकड तिला अजून पदरात जाणवायची.

३

एका दुपारी कामिनी पाठवलेले मेल चाळत होती. इंदूरच्या एका व्यापाऱ्याला गेलेला मेल तिला दिसला. मजकूर नेहमीचाच: माल रवाना, पोच द्यावी. पण तळाला रिषभची सूचना नव्हती. तिच्या जागी एकच ओळ होती.

'पोच येईपर्यंत जबाबदारी माझी.'

कामिनी त्या ओळीकडे बघत राहिली. हे हेमकांतचं वाक्य होतं. फोनवर व्यापाऱ्यांना तो हेच सांगायचा, "पोच येस तोवर जबाबदारी मन्ही." आणि ते तो खरं करून दाखवायचा. गाडी पोचल्याचं समोरून उत्तर आलं नाही तर घरी जायचा नाही. वाटेतली गाडी एका फोनवर मागे फिरवायचा. पण एकदा उत्तर आलं की त्या गाडीचं नावसुद्धा काढू द्यायचा नाही.

कामिनी नवी असताना त्याने तिला समजावलं होतं, "पोच म्हंजे पोच, ताई. 'हा' म्हनो, 'नही' म्हनो, नहीतर शिवी देवो. समोरथीन सबद उना की माल पोचना. ज्याले भांडनं शे तो जबाबच देत नही, तो दलालले फोन करस. जबाब दिधा, म्हंजे माल लिधा. मंग आपलं काम सरनं."

आपणच नकळत लिहिलं असेल, असं कामिनीने ठरवलं. माणूस एकच काम करत राहिला की हाताला सवय लागते. पण सूचना आपोआप चिकटते, ती काढता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. पार्टिशनपलीकडे हेमकांतचं टेबल रिकामं होतं. तिकडून कुणीतरी खोकलं. पथारीवरचा गडी असेल, असंही तिने ठरवलं आणि उठून बघितलं नाही.

४

दुसऱ्या दिवशी तिने मागचे मेल उघडले.

शाळेला मेल गेले होते. एक-दोन नाही, कित्येक आठवड्यांचे. 'भूमीचा खोकला कसा आहे ते कळवावे. दम्याचा पंप उशाशी ठेवावा.' 'थंडी वाढली आहे, तिला लोकरीचे मोजे घालावेत.' 'तिला भेंडी आवडत नाही, आग्रह करू नये.' वॉर्डन जागृती मॅडमची प्रत्येकावर उत्तरं होती, छान, घरगुती, आणि कामिनीच्या नजरेस पडण्याआधीच कुणीतरी वाचून जुन्या मेलांत सारलेली. 'खोकला कमी आहे. काळजी नसावी.' 'तुमची फार आठवण काढते.'

यातला एकही मेल कामिनीने लिहिला नव्हता. पण भेंडीचं तिला माहीत होतं आणि जगात आणखी एकाच माणसाला माहीत होतं. शाळा सुटल्यावर भूमी पेढीत यायची आणि हेमकांत तिला आपल्या डब्यातलं जेवू घालायचा. एकदा ऑफिसातच तिचा श्वास कोंडला, तेव्हा हाच माणूस तिला खांद्यावर टाकून दवाखान्यापर्यंत पळाला होता. मागून रडत धावणाऱ्या कामिनीला तो धापा टाकत म्हणाला होता, "रडू नको ताई. पोरनी जबाबदारी मन्ही."

तेव्हा तिला वाटलं होतं, देवच भेटला. आता तीच आठवण तिला नकोशी झाली.

तिने पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड कुठे लिहून ठेवला नाही, कुणाला सांगितला नाही. संध्याकाळी निघताना पुन्हा एकदा सगळं तपासलं. काही नवीन नव्हतं. कुणीतरी गंमत करतंय, रिषभच पाळत ठेवतोय, काहीही असू शकतं, असं ती स्वतःला बजावत घरी गेली.

सकाळी ऑफिसात आल्या आल्या तिने मेल उघडला. आदल्या संध्याकाळी, ती घरी गेल्यानंतर, एक मेल गेलेला होता.

'भूमिकाला उद्या सकाळी नेण्यास येत आहे. तयार ठेवावे. पोच द्यावी. पोच येईपर्यंत जबाबदारी माझी.'

त्याखाली वॉर्डनचं उत्तर होतं: 'ठीक आहे.'

५

कामिनी रिषभच्या केबिनमध्ये शिरली ती रडतच. नोकरीचं भय केव्हाच गळून पडलं होतं. तिने सगळं सांगितलं, शाळेला दिलेला पत्तासुद्धा.

रिषभने शांतपणे ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा: "म्हणजे तुम्ही पेढीचा मेल खाजगी कामाला वापरलात?"

"हो वापरला! काढून टाका मला. पण आधी हा आयडी बंद करा, रिषभभाऊ. तुमच्या पाया पडते. माझी पोर एकटी आहे तिथे."

"ऐन हंगामात आयडी बंद? अर्धा माल रस्त्यात आहे. आणि हे बघा, खाजगी मेलमधून जे काही होईल त्याला पेढी जबाबदार नाही. प्रत्येक मेलखाली तसं स्पष्ट लिहिलेलं असतं."

"त्या मेलखाली नाही लिहिलेलं!"

"असं होऊच शकत नाही," रिषभ म्हणाला.

बाहेर गादीवर शेठजींनी ऐकलं असावं. त्यांनी पार्टिशनकडे बघितलं आणि हात जोडले. त्यावरून कामिनीला कळलं की म्हाताऱ्यालाही काहीतरी ठाऊक आहे. पण त्याला विचारत बसायला तिच्यापाशी वेळ नव्हता.

शाळेचा फोन लागला नाही, लागणारच नव्हता. तिने मेल लिहिला: 'मुलीला कोणाच्याही ताब्यात देऊ नका. मी येत आहे.' पाठवला, आणि पाठवल्यावर तिचं लक्ष गेलं. पाठवणारा हेमकांत. आणि तळाला, जिथल्या तिथे, रिषभची सूचना ठामपणे चिकटलेली.

६

अक्कलकुव्यापर्यंत बस आणि पुढे जीप. मोलगीचा बाजार होता, त्यामुळे जीप वर जाताना भरलेली होती. कामिनी करमसिंग ड्रायव्हरच्या शेजारी कशीबशी टेकली. मागे कोंबड्या, गाठोडी, बायांचं हसणं. कुणी डोंगरातल्या पावरी बोलीत गाणं म्हणत होतं. सगळं जग इतकं नेहमीसारखं चाललेलं पाहून तिला जोरात ओरडावंसं वाटत होतं.

"भाऊ, जरा लवकर चालव ना."

"घाट शे ताई," करमसिंग म्हणाला. "लवकर जासूत तं खाले जासूत."

घाटाच्या एका वळणावर समोरून एक जीप उतरत आली. रस्ता अरुंद. करमसिंगने गाडी कडेला घेतली आणि ती दुसरी जीप अगदी हाताच्या अंतरावरून, सावकाश गेली. मागच्या सीटवर, काचेशी, भूमीचा निळा स्वेटर होता. शेजारी कुणीतरी बसलेलं. तोंडाला पांढरा रुमाल, पथारीवर बांधतात तसा, डोळ्यांखालून गच्च. त्या माणसाने कामिनीकडे बघितलं आणि ओळखीची मान हलवली.

मिरचीचा ठसका आला. इतक्या वर्षांनी कामिनीला शिंक आली. तिने डोळे उघडले तोवर जीप वळणामागे गेली होती.

"थांबव! गाडी फिरव! तीन्हामा मन्ही पोर शे!"

करमसिंगने तिच्याकडे चमकून बघितलं. "त्या जीपमा? ताई, त्या जीपमा कोनीच नवतं. रिकामी जाई ऱ्हायनी. मी भी तोच इचार करी ऱ्हायनू, बजारना दिन आनि रिकामी कशी?"

मागच्या बायांनीही माना हलवल्या. कुणालाच काही दिसलं नव्हतं. कामिनीला तिच्या डोक्याने सांगितलं की काळजीने डोळ्यांना भास होतात, शाळेत जा, पोर वर्गात बसलेली असेल. ते ऐकावंसं वाटलं म्हणून तिने ऐकलं. फिरव म्हणून पुन्हा म्हणाली नाही. पुढे सगळ्या रस्त्याने तिने देवाचं नाव घेतलं नाही, फक्त भूमीचं घेतलं.

७

जागृती मॅडम दारातच भेटल्या, रुमालाने नाक पुसत. "सकाळपासून शिंका थांबत नाहीयेत बघा. या ना. पण भूमिका तर गेली!"

कामिनीने विचारलं, "कुणाबरोबर?"

"अहो, हेमकांत काका आले होते ना. मेल केला होता त्यांनी. मी भूमिकाला विचारलं, ओळखतेस का? तर पोरगी 'काका' म्हणून पळतच गेली. किती महिन्यांनी इतकी हसली." मॅडमचा आवाज हळूहळू उतरला. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मी सकाळी मेल केला होता. देऊ नका म्हणून."

"तो आला होता. पण पाठवणारे तेच होते. कालच्या मेलमध्ये मुलीचं नाव, जबाबदारी माझी, सगळं स्पष्ट. आणि आजच्यात नाव नाही, गाव नाही, आणि खाली लिहिलेलं, चुकून आला असल्यास वाचू नये, पुसून टाकावा, आम्ही जबाबदार नाही. मला वाटलं चुकून आला." त्या रडकुंडीला आल्या. "मी पुसून टाकला. तसंच लिहिलं होतं ना हो."

"दिसायला कसे होते?"

"तोंडाला रुमाल होता. खोकत होते सारखे. म्हटलं, मिरचीवाले, असणारच."

"तो माणूस दिवाळीनंतर वारला," कामिनी म्हणाली.

वर्गातून पाढ्यांचा आवाज येत होता, सगळ्या मुलींचा एका सुरात. कामिनीने भूमीची खाट बघितली. पांघरूण नीट घडी केलेलं, लोकरीचे मोजे त्यावर ठेवलेले. उशाशी पंप तसाच पडला होता. पोर पंपाशिवाय गेली होती. उशीवर थोडी लाल पूड सांडलेली होती आणि त्या डोंगरात, जिथे मिरचीचं एक पोतं नव्हतं, खाटेभोवती हवा तिखट लागत होती.

मॅडमने शिपायाला सायकलवर पोलीस चौकीकडे धाडलं. कामिनी पंप मुठीत धरून उभी होती. मग ती म्हणाली, "मला कॉम्प्युटर दाखवा."

८

कॉम्प्युटरच्या खोलीत दुपारचं ऊन होतं. कामिनीने हेमकांतचा मेल उघडला. नवा पासवर्ड तिने टाकला आणि तो चाललाही.

वर एकच नवा मेल होता. पाठवणारा हेमकांत. पाठवलेला हेमकांतलाच, म्हणजे भूमीच्या आईचा म्हणून शाळेला दिलेल्या पत्त्यावर.

'भूमिका सुखरूप पोचली. खोकला पूर्ण थांबला आहे. पोच द्यावी. पोच येईपर्यंत जबाबदारी माझी.'

कुठे पोचली ते लिहिलं नव्हतं.

खोकला पूर्ण थांबला आहे, हे वाक्य कामिनीने पुन्हा पुन्हा वाचलं. तिच्या तोंडून एक आवाज निघाला, तो तिला स्वतःचा वाटला नाही. मागे उभ्या मॅडम "पोलीस येऊ द्या, काही लिहू नका" असं काहीतरी म्हणत होत्या. पण पोर तिची होती. त्या माणसाने एकदा भूमीला वाचवलं होतं. तो ऐकेल. त्याने आजवर वाटेतल्या किती गाड्या मागे फिरवल्या होत्या.

'हेमकांतभाऊ, माझी पोर कुठे आहे? तुमच्या पाया पडते, तिला परत आणा. तिचा पंप इथेच राहिला आहे.'

तिने तो पाठवला. आणि बटणावरून बोट उचलताना तिला आठवलं. पार्टिशनपलीकडचं ते टेबल, रुमालामागचा तो आवाज, शिकवणाऱ्याची ती माया. 'हा' म्हनो, 'नही' म्हनो. जबाब दिधा, म्हंजे माल लिधा.

"नाही," ती म्हणाली. "नाही, ही पोच नाही. मी पोच दिलेली नाही!" ती पडद्यावर हात मारत होती, पाठवलेला मेल मागे घ्यायची जागा शोधत होती. मॅडम तिला धरायला धावल्या.

उत्तर लगेच आलं. शेजारच्या वर्गातले पाढे थांबले होते, आणि त्या शांततेत खोलीत कुणीतरी एकदा, सुटकेने, घसा साफ केला.

'पोच मिळाली. आभारी आहे.'

त्याखाली जबाबदारीची ओळ नव्हती. हेमकांतच्या त्या सगळ्या मेलांत पहिल्यांदाच, तळाला रिषभची सूचना होती, शब्दन् शब्द, शेवटच्या 'पेढी जबाबदार राहणार नाही' या वाक्यासकट.